ऐकलेले आणि पारखलेले

मनुष्याने ज्या दिवशी पहिले जनावर आपल्या दारी आणले, त्या दिवशी त्याला केवळ एक सोबती लाभला असे नव्हे, तर त्याने एक जबाबदारीही पत्करली. गोठ्यातील गाय, अंगणातील कुत्रा, चुलीपाशी अंग चोरून बसलेले मांजर, खुराड्यातील कोंबडी ही सारी आपल्या आश्रयाने जगतात. त्यांचे दुखणेखुपणे सर्वस्वी आपल्या हाती असते. माणसाला वेदना झाली तर तो ती बोलून दाखवतो. औषध मानवले नाही तर ते नाकारतो. एका वैद्याचा गुण आला नाही तर दुसऱ्याकडे जातो. मुक्या जनावराला यांतले काहीच करता येत नाही. आपण जे पाजू ते त्याने प्यावे, आपण जे चोळू ते त्याने सोसावे. यास्तव माणसाच्या आजाराविषयी सल्ला देताना जेवढी सावधगिरी हवी, तिच्याहून अधिक सावधगिरी जनावराच्या आजाराविषयी सल्ला देताना हवी, हे उघड आहे.

प्रत्यक्षात मात्र याच्या उलट घडताना दिसते. घरातील मूल तापाने फणफणले तर शेजारी 'डॉक्टरांना दाखवा' असे म्हणतात. परंतु कुत्र्याने दोन दिवस अन्न सोडले की पाच शेजारी पाच औषधे सांगतात. कोणी लसूण चारा म्हणतो, कोणी तेल पाजा म्हणतो, तर कोणी घरातलीच तापाची गोळी अर्धी करून घाला म्हणतो. पूर्वी हे सल्ले पारावर आणि पाणवठ्यावर मिळत. आता ते हातातल्या मोबाइलवरून शंभर गावांतून एकाच वेळी येतात. सल्ल्याचा वेग वाढला आहे; त्याचा कस मात्र वाढलेला नाही. ऐकलेले आणि पारखलेले यांत जे अंतर पूर्वी होते, तेच आजही आहे. ते ओळखण्याची दृष्टी आपल्या ठिकाणी यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम काही सर्वपरिचित समजुती घेऊ. मांजर म्हटले की दुधाची वाटी डोळ्यांपुढे येते. पण पिलूपण संपल्यावर बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचवता येत नाही. दूध त्यांना आवडते हे खरे. परंतु आवडणे आणि मानवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ मांजरांना दुधाने हगवण लागते. त्यांना स्वच्छ पाणी आणि मांसाहारच अधिक मानवतो. दुसरी समजूत अशी, की कुत्र्याचे नाक ओले असले तर तो निरोगी आणि कोरडे असले तर आजारी. वस्तुतः झोपेतून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचे नाकही कोरडे असते, आणि आजारी कुत्र्याचे नाक ओले असू शकते. ताप मोजायचा तर तो तापमापकानेच मोजावा लागतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या अंगाशी तुलना करून 'हाताला गरम लागते, ताप आहे' असे म्हणणारा मनुष्य निरोगी कुत्र्यालाही रोगी ठरवील.

या दोन समजुतींनी झालेच तर थोडे नुकसान होते. पुढच्या दोन मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत. जंत पडावेत म्हणून कुत्र्याला लसूण चारण्याची पद्धत कित्येक घरांत आहे. कांदा आणि लसूण यांतील काही द्रव्ये कुत्र्याच्या व मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. मात्रा मोठी झाली, किंवा थोडी थोडी रोज पोटात जात राहिली, तर प्राण्याला पंडुरोग जडतो. दुसरी गोष्ट पॅरासिटामॉलच्या गोळीची. ही गोळी आपल्या घराघरांत असते आणि योग्य मात्रेत माणसाला ती निर्धोक असते. परंतु या औषधाचा निचरा करण्याची जी शक्ती मनुष्याच्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फारच अल्प आहे. औषधाचे विषात रूपांतर होते, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नाहीशी होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. ज्याने ती गोळी घातली, त्याच्या मनात मायाच असते. पण माया म्हणजे ज्ञान नव्हे.

एका जिवाला जे अमृत ते दुसऱ्याला विष, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले. डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध गुरांना सर्रास दिले जाई. गुरांना त्याने आराम पडे. सबब ते चांगले, असेच सर्वांना वाटले. पुढे गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मेलेल्या गुरांच्या मांसात उरलेले हे औषध पोटात गेल्यामुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, ही गोष्ट २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध झाली, आणि २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घातली. तोपर्यंत गिधाडांच्या काही जातींचे थवेच्या थवे नष्ट झाले होते. औषध खोटे नव्हते. परंतु 'एकाला मानवले म्हणून सर्वांना मानवते' हा समज खोटा होता.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. हे उपाय जर निरुपयोगी असतात, तर ते पिढ्यान्पिढ्या टिकतात कसे? शेकडो माणसे शपथेवर सांगतात की 'आम्ही केले आणि गुण आला.' ती सारी खोटे बोलतात काय? मुळीच नाही. ती पाहिलेलेच सांगतात; फक्त पाहिलेल्याचा अर्थ चुकीचा लावतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, पण म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही. जनावरांची बहुतेक लहानसहान दुखणी चार-सहा दिवसांत आपोआप बरी होतात. त्या चार-सहा दिवसांत जो उपाय केला असेल, त्याच्या पदरी यश पडते. उपाय न करताही ते जनावर बरे झाले असते काय, हा प्रश्न कोणीही विचारत नाही. आणि खरी मेख तर तेथेच आहे.

हा भ्रम किती घातक ठरतो, हे श्वानदंशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. कुत्रा चावला की जखमेत तिखट भरणे, चुना किंवा हळद लावणे, झाडपाला बांधणे, गंडा घालणे असे अनेक उपाय आजही केले जातात. ते करणाऱ्यांपैकी बहुतेक लोक जिवंत राहतात आणि उपायाची कीर्ती गातात. कारण सरळ आहे. चावणाऱ्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य कुत्रे पिसाळलेले नसतातच! त्या माणसांना तिखट लावले काय आणि न लावले काय, त्यांना पिसाळ रोग होणार नव्हताच. ज्याला खरोखरीच पिसाळलेला कुत्रा चावला आणि ज्याने तिखटावर विश्वास ठेवला, तो मात्र आपली साक्ष द्यायला उरत नाही. बहुधा एक ते तीन महिन्यांनी त्याला पाण्याचा घोट घेववत नाही, वाऱ्याची झुळूक सोसवत नाही. आणि एकदा ही लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जिवंत राहिलेले शंभर बोलतात, गेलेला एक बोलत नाही. अशा एकतर्फी साक्षीवर ज्या उपायाची ख्याती उभी असते, तो उपाय कसा पारखलेला म्हणावा?

याच रोगाविषयी आणखी एक घातक समजूत आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो आणि सदैव अंगावर धावून येतो, असे लोक मानतात. पाण्याचे भय हे पिसाळलेल्या माणसाचे लक्षण आहे. कुत्र्यात ते सहसा आढळत नाही. शिवाय या रोगाचा एक मुका प्रकार असतो. त्यात कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो, त्याचा जबडा लुळा पडतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. ते मायेने तोंडात हात घालतात, आणि लाळेतील विषाणू हातावरच्या एखाद्या ओरखड्यातून शरीरात शिरतो. गाईम्हशींच्या बाबतीतही नेमके असेच घडते. प्राणी पाणी पितो म्हणून तो पिसाळलेला नाही, हे अनुमान किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात येईल.

मग पारखलेले ज्ञान काय सांगते? कुत्रा, मांजर वा अन्य प्राणी चावला किंवा त्याचा ओरखडा निघाला तर ती जागा तत्काळ साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावी. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू नष्ट होतो. जखमेत तिखट किंवा चुना भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. जखम खोल वा रक्तस्राव करणारी असल्यास त्या जागी तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा हे योग्यच. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबणीवर टाकू नये. आणि मूळ उपाय म्हणजे आपल्या कुत्र्याला तो तीन महिन्यांचा झाला की लस टोचावी व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा पुन्हा द्यावी.

लस म्हटली की पुष्कळांच्या मनात 'पोटात चौदा इंजेक्शने' हे भय उभे राहते. ही गोष्ट एके काळी खरी होती. १९११ साली हिमाचलातील कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि तिच्या अनेक मात्रा पोटावर टोचाव्या लागत. त्या जातीची लस देणे भारतात २००५ च्या सुमारास बंद झाले. आजची लस दंडावर टोचतात आणि चार-पाच भेटींत ती पूर्ण होते. परंतु जुन्या सत्याची भीती नव्या काळात असत्य होऊन उरली, आणि तिच्यापायी आजही काही लोक दवाखान्याची पायरी चढत नाहीत. यावरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. असत्य हे नेहमी कोणीतरी रचलेलेच असते असे नाही. कधी कधी ते केवळ शिळे झालेले सत्य असते. म्हणून 'हे खरे आहे काय?' याबरोबरच 'हे आजही खरे आहे काय?' असेही विचारले पाहिजे.

इतके वाचून कोणी म्हणेल, की मग वाडवडिलांचे सारे अनुभव टाकाऊच समजावेत काय? तसे समजणे हीसुद्धा एक अंधश्रद्धाच ठरेल. आपल्या देशात शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सेची आणि पालकाप्याच्या नावाने गजचिकित्सेची परंपरा फार प्राचीन काळापासून चालत आली आहे, आणि तिच्यामागे पुष्कळ सूक्ष्म निरीक्षण आहे. इंग्लंडातील गवळणींमध्ये अशी एक ऐकीव गोष्ट प्रचलित होती, की जिला गाईच्या देवीची लागण होऊन गेली तिला माणसाच्या देवी येत नाहीत. एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने ती हसण्यावारी नेली नाही, आणि डोळे मिटून मानलीही नाही. १४ मे १७९६ रोजी त्याने एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव आठ वर्षांच्या एका मुलाला टोचला, आणि पुढे त्याला माणसाच्या देवी टोचून पाहिल्या. तेव्हा त्या उठल्या नाहीत. अशा प्रयोगाला आजचे नियम परवानगी देणार नाहीत. परंतु त्यातून लसीकरणाचा मार्ग खुला झाला, आणि १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. गवळणींचे म्हणणे ऐकीव होते. जेन्नरने ते पारखले, तेव्हा ते ज्ञान झाले.

पारखणे म्हणजे नेमके काय, हे लुई पाश्चर याने १८८१ साली फ्रान्समधील पुई-ल-फोर या गावी सर्व लोकांसमक्ष दाखवून दिले. गुरामेंढरांना होणाऱ्या फाशी या रोगावर त्याने लस केली होती. चोवीस मेंढ्या व एक शेळी यांना त्याने ती टोचली, आणि तितक्याच मेंढ्या व एक शेळी लस न टोचता ठेवली. ३१ मे रोजी दोन्ही गटांना रोगाचे जंतू टोचले. २ जून रोजी लोक पाहतात तो लस टोचलेली मेंढरे चरत होती, आणि न टोचलेली एक तर मरून पडली होती किंवा मरणपंथास लागली होती. केवळ लस टोचलेल्या मेंढ्या दाखवून 'पाहा, या जिवंत आहेत' असे पाश्चर म्हणाला असता, तर त्यात आणि तिखटाची कीर्ती गाणाऱ्यात काही अंतर उरले नसते. उपाय केला त्याचे काय झाले, आणि न केला त्याचे काय झाले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहणे म्हणजेच पारख.

खोट्या सल्ल्याचे नुकसान केवळ प्राण्यापुरते थांबत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांना लंपी या चर्मरोगाची साथ आली. हा रोग माणसाला होत नाही, आणि दूध तर आपण उकळूनच पितो. तरीही दूध पिण्याने अपाय होतो अशी वार्ता पसरली. ज्या शेतकऱ्याची गाय आजारी होती, तो तर संकटात होताच. पण ज्याची गाय निरोगी होती, त्याच्या दुधाकडेही लोक संशयाने पाहू लागले. त्याच वेळी गोठ्यातील माश्या, डास आणि गोचीड यांचा बंदोबस्त करावा, आजारी जनावर वेगळे बांधावे आणि निरोगी जनावरांना लस टोचावी, हे खरे उपाय शासन सांगत होते. ज्याने अफवेत वेळ घालवला, त्याचा उपायाचा वेळ गेला. गुरांचा संहार करणारी बुळकांडीची साथ एके काळी दैवी कोप मानली जाई. लसीच्या आणि चिकाटीच्या बळावर ती २०११ साली साऱ्या जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर करण्यात आले. उताऱ्यांनी ती गेली नव्हती.

'तुमचे म्हणणे खरे, पण पशुवैद्य गावापासून दूर, आणि पैसा कोठे आहे?' असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, त्याला एक शतकाहून अधिक काळ लोटला. तरी प्रत्येक वाडीवस्तीवर पशुवैद्य पोहोचला आहे असे म्हणता येत नाही. माणूस अडचणीत असला की हाताशी असलेल्या सल्ल्याचा आधार घेतो, यात त्याचा दोष फारसा नाही. म्हणूनच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने वाढावेत, अशी मागणी करणे हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते, ही माहिती आपण घरोघरी पोहोचवू शकतो. परंतु वैद्य दूर आहे म्हणून विष जवळ करावे, हे काही उत्तर नव्हे. जेथे काय करावे हे ठाऊक नाही तेथे प्राण्याला सावलीत ठेवणे, स्वच्छ पाणी देणे आणि अपायकारक असे काहीही न करणे, हीच कित्येकदा उत्तम शुश्रूषा असते.

यास्तव कोणताही सल्ला कानी आला की आपण स्वतःला चार प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो, आणि त्याला ते कसे कळले? त्याने बरे झालेलेच मोजले, की न बरे झालेलेही मोजले? हा सल्ला याच जातीच्या प्राण्यासाठी आहे काय, आणि तो आजही लागू आहे काय? आणि शेवटी, तो खोटा ठरला तर किंमत कोण मोजील? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नाकाच्या ओलेपणाविषयीची समजूत चुकली तर फारसे काही बिघडत नाही. श्वानदंशाविषयीची चुकली तर प्राण जातो. जेथे चुकीची किंमत मोठी, तेथे पारखही तितकीच कठोर हवी.

सल्ला ऐकणाऱ्याइतकीच जबाबदारी तो पुढे सांगणाऱ्यावरही असते. 'मला आला, तो मी पुढे पाठवला' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. विहिरीत काय पडले आहे हे न पाहता तिचे पाणी शेजाऱ्याच्या घागरीत ओतणारा मनुष्य निर्दोष ठरत नाही. 'मला ठाऊक नाही, पशुवैद्याला विचारू या' हे वाक्य उच्चारण्यात कमीपणा नाही. किंबहुना, शहाण्या माणसाची ओळख त्याला किती ठाऊक आहे यापेक्षा, आपल्याला काय ठाऊक नाही हे तो किती प्रामाणिकपणे कबूल करतो, यावरून होते.

मुकी जनावरे आपल्यावर विश्वास टाकतात. आपण पुढे केलेला घास ती शंका न घेता खातात, कारण आपली परीक्षा घेण्याचे साधन त्यांच्यापाशी नाही. त्यांच्या वाटची शंका आपणच घ्यायची असते, त्यांच्या वाटचा प्रश्न आपणच विचारायचा असतो. जो त्यांच्यावर खरी माया करतो, तो त्यांच्या तोंडी काही घालण्यापूर्वी ते पारखून घेतो.